म्यूझस्कोरमध्ये गिटारचे कॉर्ड्स भलत्याच पट्टीत वाजतायत? हे करून बघा

गाण्याच्या नोटेशनवर कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) टाकले, प्ले दाबलं, आणि गिटारऐवजी कुणीतरी पेटीवर तीन बोटं दाबून बसलंय असं ऐकू आलं, हे म्यूझस्कोर (नोटेशन लिहायचं आणि वाजवून ऐकायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं. मी 4 नंबरचं व्हर्जन धरून सांगतोय. कॉर्डची नावं वाजायला लागली ती 3.5 पासून, त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा, बाकी इलाज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज येतो तो कॉर्डच्या नावातून, कंट्रोल के दाबून आपण जे टाईप करतो त्यातून. फ्रेटबोर्डच्या आकृतीत तुम्ही ठिपके कुठेही द्या, प्लेबॅकला त्याचं काही घेणंदेणं नाही.

आता पट्टी. समजा गायिकेची पट्टी काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट आहे, आणि तुम्ही तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून सी, एफ, जी असे सोपे शेप वाजवता. सॉफ्टवेअरमध्ये पण सी, एफ, जी लिहिलं तर ते पांढरी एकमध्ये वाजणार आणि वर मेलडी काळी दोनमध्ये, म्हणजे नुसता गोंधळ. लिहायचे खरे वाजणारे कॉर्ड्स: ई फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट. मग फॉरमॅटमध्ये स्टाईल, त्यात कॉर्ड सिम्बॉल्स, तिथे कॅपोच्या फ्रेटचा आकडा 3 करा. नावाशेजारी कंसात सी, एफ, जी छापून येतात, वाजवणाऱ्याचं काम होतं आणि आवाज जिथल्या तिथे राहतो, कारण हा आकडा फक्त दिसण्यापुरता आहे.

पट्टी बरोबर आहे पण तरी कानाला गिटार वाटत नाही? मग व्हॉइसिंग बघा, म्हणजे कॉर्डचे स्वर वरखाली कसे पसरलेत ते. कॉर्डवर क्लिक करून एफ 8 ने प्रॉपर्टीज उघडा. क्लोज ठेवलं की सगळे स्वर एकाच सप्तकात दाटीवाटीने बसतात. आपला साधा ओपन सी कसा असतो? पाचव्या तारेवरचा खालचा सी, मग ई, जी, परत वरचा सी आणि शेवटी मोकळी पहिली तार ई, म्हणजे पाच स्वर सव्वा सप्तकभर पसरलेले. त्यामुळे ड्रॉप टू किंवा सिक्स नोट लावून बघा, जरा मोकळं वाटतं. इंटरप्रिटेशन मात्र लिटरलवर ठेवा, जॅझ केलं की आपण न लिहिलेले स्वर पण घुसतात आणि साध्या भावगीताला ते झेपत नाहीत. एकेका कॉर्डला हे करत बसू नका, स्टाईलच्या त्याच पानावर सगळ्यांसाठी एकदम बदलता येतं.

राहिलं सप्तक, म्हणजे कॉर्ड्स गिटारपेक्षा वरच्या सप्तकात वाजत असतील तर. प्रॉपर्टीजमध्ये ऑक्टेव्ह खाली करायचं बटण शोधत बसाल तर वेळ जाईल. क्लेफ (ओळींच्या सुरुवातीचं चिन्ह) बदलूनही काही होत नाही, नोट्स कागदावर वरखाली सरकतात, आवाज तोच. खरा उपाय थोडा लांबचा आहे. कीबोर्डवरचं आय दाबून आणखी एक गिटार घ्या, एका कॉर्डवर राइट क्लिक करून सिलेक्टमधून त्या स्टाफवरचे (नोटेशनच्या पाच ओळींवरचे) सगळे कॉर्ड्स निवडा, कॉपी करून नव्या स्टाफच्या पहिल्या मेजरवर (उभ्या रेघांमधल्या पहिल्या खणावर) पेस्ट करा, आणि ते सिलेक्ट करून टूल्समधलं रिअलाइझ कॉर्ड सिम्बॉल्स चालवा. कॉर्ड्सच्या खऱ्या नोट्स तयार होतात. त्या निवडून कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की एक ऑक्टेव्ह खाली. हे मेलडीच्याच स्टाफवर करू नका, तिथल्या नोट्सच्या जागी कॉर्डच्या नोट्स येऊन बसतील.

यानंतर कॉर्डच्या नावांचं प्ले दोन्ही स्टाफवर बंद करायला विसरू नका, नाहीतर नावं पण वाजणार, नोट्स पण वाजणार आणि तुम्ही व्हॉइसिंगला शिव्या घालत बसणार. फार खाली पण नेऊ नका, गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की साधारण 82 हर्ट्झ, त्याच्याखाली गेलं की घुमल्यासारखं नुसतं घूं घूं येतं.

एवढी खटपट नको असेल आणि फक्त गायिकेला रियाजासाठी ट्रॅक द्यायचा असेल, तर एफ 10 ने मिक्सर उघडा. कॉर्ड्सचा वेगळा चॅनेल असतो तिथे, त्याचा व्हॉल्यूम थोडा कमी करा आणि दुसरा एखादा मऊ आवाज निवडा, तेवढ्याने भागतं.