वाचकांकडून बातमी गोळा करताय? मग या चुका टाळा

बडोद्यात मराठी वाचकांसाठी स्थानिक बातम्या करताना दर पावसाळ्यात मला त्याच त्या चुका दिसतात. नवीन मुलं हुशार असतात, पण घाई फार. वाचकांना बातमीत सामील करून घ्यायचं म्हणजे फुकटात फोटो मिळवायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं.

पहिली चूक, घाऊक प्रश्न. ‘तुमच्या भागातल्या समस्या कळवा’ असं आवाहन केलं की गटारापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळं येतं आणि बातमी एकाचीही होत नाही. दारात उभ्या माणसाला अर्ध्या मिनिटात उत्तर देता येईल, असं विचारा. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांहून अधिक पानं वाचकांपुढे ठेवली. वाचकाने एक पान उघडायचं, त्यात काही दखल घेण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं, एवढंच काम. पहिल्या ८० तासांत वीस हजारांहून जास्त लोकांनी १,७०,००० पानं पाहिली. किती पानं झाली आणि किती उरली, हेही त्यांना समोर दिसत होतं.

मला सगळ्यात जास्त सलते ती दुसरी चूक. माहिती घ्यायची आणि देणाऱ्याला पुढे काही कळवायचंच नाही. ही मी स्वतः केली आहे.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही वाचकांना एकच विचारलं, ‘पाणी तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं?’ उत्तरं धडाधड आली. कारेलीबागेतल्या एका काकूंनी तर रात्रभर जागून दर तासाला भिंतीवर खडूने रेघ मारली आणि सकाळी सगळ्या रेघांचे फोटो पाठवले. त्यावरून आम्ही कुठे किती पाणी चढलं याचा नकाशा केला, तो छापला आणि पुढच्या बातमीला लागलो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. मी पुन्हा काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “भाऊ, मागच्या वेळी मी रात्रभर खुणा केल्या. त्यांचं पुढे काय झालं, ते पाच वर्षांत एकदा तरी सांगितलंत का?” नकाशा त्यांनी पाहिलाच नव्हता. पूर ओसरल्यावर तो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, नकाशा नीट पाहिला, पण त्या वर्षीच्या खुणा मात्र आम्हाला मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही असते. कोणी काय दिलं आणि त्यांना कधी कळवलं, एवढंच त्यात लिहितो. बातमी छापून आली की दुपारपर्यंत फोन. माहिती वापरली नसेल तरी फोन, आणि का नाही वापरली ते सांगायचं. मुलं म्हणतात, ऑटोमॅटिक मेसेज लावून टाकू. नको. ज्याने रात्र जागून काढली त्याला यंत्राची पावती पाठवू नये.

तिसरी चूक, तारीख न विचारता फोटो छापणे. २०२४ च्या त्याच पुरात एका सोसायटीतल्या मगरीचा फोटो आमच्याकडे आला आणि घाईत लागलाही. तासाभरात त्याच गल्लीतल्या एका आजोबांचा फोन, “मागे अर्धवट दिसतेय ती इमारत तीन वर्षांपूर्वीच पूर्ण झाली!” फोटो आधीच्या पुरातला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आपली तारीख आणि जागेची माहिती हरवून बसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. शिवाय पाठवणाऱ्याला विचारा, ‘हा तुम्हीच काढलाय का? कुठे उभं राहून?’ दुसऱ्या प्रश्नाला खोटा माणूस अडखळतो.

नुसता ऑनलाइन फॉर्म ठेवू नका. दांडिया बाजारातले आजी-आजोबा फॉर्म भरत नाहीत, फोनवर मात्र भरभरून बोलतात. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ या फोनवरच्या बातमीसेवेने हेच ओळखलं. गावातला माणूस साध्या फोनवरून आपल्या आवाजात बातमी नोंदवतो.

आलेल्या उत्तरांना सर्वेक्षण म्हणू नका. ज्यांच्या घरात पाणी शिरलं तेच जास्त लिहितात.

पाण्यात उतरून फोटो काढायला कुणालाही सांगू नका, मगरी असलेल्या विश्वामित्रीकाठी तर अजिबात नाही.

आणि माहिती देणाऱ्या सगळ्यांना एकाच ग्रुपात कोंबू नका, त्यांचे नंबर परक्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. पण तो मेसेज आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, तेव्हा पहिल्या फोनवरच तो सेव्ह करून घ्यायला सांगा.