क्लोरीनवर चालणारा बिनविजेचा वॉटर प्युरिफायर कसा निवडावा

दुकानात किंमत विचारण्याआधी घरात येणारे पाणी कुठले, ते बघा. क्लोरीनच्या गोळीवर चालणारा प्युरिफायर जंतू मारतो. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तो काढत नाही. नळाचे किंवा गोड्या विहिरीचे पाणी असेल आणि तक्रार पावसाळ्यातल्या जुलाबांची असेल, तर हे यंत्र पुरेसे आहे. अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या फ्लोराइडच्या गावांत मात्र ते अपुरे पडते. तिथे पाणी उकळूनही उपयोग नाही, कारण उकळल्याने फ्लोराइड जात नाही.

आधी पाणी तपासा

बोअर किंवा विहिरीचे पाणी पिणार असाल, तर एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. अहवालात तीन आकडे बघा. एका लिटरमागे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १.५ च्या वर नको, नायट्रेट ४५ च्या वर नको. या दोन्हींपैकी एक जरी वाढलेले असेल, तर क्लोरीनचा प्युरिफायर घेऊच नका.

घरी येणारा विक्रेता टीडीएस मीटर दाखवतो, त्यावर जंतू कळत नाहीत. दोन सळया पाण्यात सोडून पाणी तपकिरी करून दाखवण्याचा प्रयोग तर निव्वळ धूळफेक आहे. तो रंग विजेमुळे सळईतून सुटलेल्या लोखंडाचा असतो आणि पाण्यात क्षार जितके जास्त, तितका तो गडद येतो.

यंत्रात काय असते

वरच्या टाकीत ओतलेले पाणी आधी जाळीतून जाते. मग कार्बनच्या गाळणीत बारीक माती अडकते. पुढे क्लोरीनची गोळी असलेल्या कार्ट्रिजमधून पाणी एका कप्प्यात येऊन थांबते. जंतू मरतात ते या थांबण्यामुळे. पाणी भरभर गाळणारे यंत्र दिसले की सावध व्हा. शेवटी पॉलिशर नावाचा कार्बन उरलेले क्लोरीन आणि त्याचा वास काढतो.

डब्यावर जिवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९ आणि सिस्ट (परजीवींचे कवचबंद रूप) ९९.९ टक्के कमी होतात असे तिन्ही दावे स्वतंत्रपणे लिहिलेले हवेत. नुसते '९९ टक्के शुद्ध' याला अर्थ नाही. सिस्टचा आकडा विशेष बघा, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यांना गाळणीनेच अडवावे लागते.

यंत्राची नव्हे, किटची किंमत मोजा

यंत्र एकदाच घ्यायचे असते, किट, म्हणजे गोळीचे कार्ट्रिज आणि गाळण्यांचा संच, मात्र बदलत राहावे लागते. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला २० लिटर पाणी धरले, तर १५०० लिटरचे किट ७५ दिवस पुरेल, म्हणजे वर्षाला साधारण पाच किट. समजा किट ६०० रुपयांचे आहे. मग लिटरला ४० पैसे आणि वर्षाला ३००० रुपये पडतात. दोन मॉडेलांची तुलना याच आकड्यावर करा. दोन-तीनशे रुपये स्वस्त यंत्र घेऊन महाग किटमध्ये अडकण्यात काय हशील?

आणखी तीन गोष्टी विचारा. किट तुमच्याच गावात मिळते का? ते संपल्यावर पाणी आपोआप बंद होते का? ही सोय नसेल तर संपलेल्या किटमधून जंतूंसकट पाणी येत राहते आणि कुणाला कळतही नाही. तिसरे, खालच्या टाकीत किती पाणी साठते? डब्यावरची क्षमता बरेचदा सगळ्या टाक्या मिळून लिहिलेली असते.

वापरताना काय बिघडते

धार मंदावली, तर जाळी मातीने बुजली असे समजा. नुसत्या पाण्याने धुवा, साबण लावू नका. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी ढवळून एक-दोन तास निवळू द्या आणि वरचे नितळ पाणीच ओता. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडते.

कोमट किंवा उन्हात तापलेले पाणी ओतू नका. किटचे आयुष्य ठरावीक तापमानाला मोजलेले असते, बहुधा २५ अंशांना. गरम पाण्यात गोळी लवकर विरघळते. बाहेर येणाऱ्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला, तर पॉलिशर संपला आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खालच्या टाकीकडे. पॉलिशरने क्लोरीन काढून टाकल्यामुळे तिथल्या पाण्याला कसलेच संरक्षण उरत नाही. हात किंवा पेला बुडवला की तेच पाणी पुन्हा दूषित. म्हणून तोटीनेच पाणी घ्या, साठा दिवसभरात संपवा आणि टाकी आठवड्याला घासून धुवा.

यंत्र परवडत नसेल तर

भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्याला गोळ्या किंवा थेंब पुरतात. ६७ मिलिग्रॅमची एनएडीसीसी (पाण्यात क्लोरीन सोडणारे रसायन) गोळी २० लिटर स्वच्छ पाण्यात टाकून झाकण लावा आणि ३० मिनिटे थांबा. यातून लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. घाई करून दहा मिनिटांत प्यायलात तर गोळी वाया. मेडिक्लोरसारख्या थेंबांची मात्रा बाटलीवर लिहिलेलीच घ्या. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या द्रावणातले क्लोरीन मुदतीआधीच उतरते.