मफलरचं पोट का सुटतं? विणकामातल्या या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात नवऱ्यासाठी मफलर विणायला घेतला, ४४ टाके घातले, अगदी मोजून. दीडेक फूट झाल्यावर सासूबाईंनी तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काहून वं, याचं तं पोट सुटून राह्यलं!" मोजले तर ५७. मी तर एकही टाका वाढवला नव्हता, मग हे तेरा आले कुठून?

दोन जागा आहेत, आणि नवीन शिकणाऱ्या जवळपास सगळ्यांचे टाके तिथूनच वाढतात. एक म्हणजे ओळीची सुरुवात. काम उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे ओढला गेला की काठाचा पहिला टाका वर खेचला जातो, त्याच्या फासाच्या दोन्ही बाजू, म्हणजे दोन्ही पाय, सुईवर चढतात आणि दोन वेगळे टाके असल्यासारखे दिसतात, आपण दोन्ही विणून मोकळे. म्हणून ओळ सुरू करायच्या आधी धागा सुईच्या खाली नीट ओढून घ्यायचा, मगच पुढे. दुसरी जागा दोन सुलट दोन उलटच्या बॉर्डरमध्ये. उलट टाक्याला धागा आपल्याकडे हवा, सुलटला पलीकडे, आणि तो न्यायचा दोन सुयांच्या मधून. सिरियल बघता बघता तो सुईवरून गेला की एक फुकटचा वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली बारीकसं छिद्र पडतं. म्हणजे ओळखायचं कसं, तर मधेच छिद्र दिसलं तर वेढा पडला होता, आणि छिद्र नाही पण काठ बाहेर जाऊन राहिला तर पहिल्या टाक्याचा घोळ.

त्याच नाहीतर पुढच्याच ओळीत लक्षात आलं तर तो वेढा सुईवरून सरळ सोडून द्या, सैल धागा आजूबाजूच्या टाक्यांत मुरतो. पण दहा-बारा ओळी पुढे गेल्यावर दोन-दोन टाके एकत्र विणून हिशोब जुळवू नका, मी जुळवले होते, मग पोटाच्या वर कंबरही आली. उसवा सरळ. दर दहा ओळींनी टाके मोजायचे आणि बरोबर असतील तर एक वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा मोठ्या सुईने सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवायचा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर उसवताना काम तिथपर्यंतच सुटतं, त्याच्या खाली नाही. एवढ्या एका दोऱ्याने माझं किती रडणं वाचवलं विचारू नका.

अजून एक, ओळीच्या मधे उठू नका. कुकरची शिट्टी झाली, दारात पार्सलवाला आला, काहीही असो, ओळ संपवून उठा. उठावंच लागलं तर परत बसताना बघा, गोळ्याकडे जाणारा धागा ज्या सुईला लटकतोय ती उजव्या हातात यायला पाहिजे. डाव्या हातात आली तर तुम्ही उलट्या दिशेने निघालात, मग मफलर एका बाजूने उंच आणि मधे भोक.

टाका निसटला तर काय करू नये हे आधी सांगते, ओढून बघू नका. ओढलं की तो शिडीसारखा खाली खाली उतरत जातो. आधी जिथे आहे तिथे सेफ्टी पिन अडकवा, मग चहा पिऊन या. नंतर क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजू समोर ठेवा, सुटलेल्या टाक्यात समोरून आकडा घाला आणि त्याच्या मागची शिडीची पायरी पकडून टाक्यातून बाहेर ओढा, मग वरची पायरी, मग त्याच्या वरची, शेवटी टाका सुईवर. पायऱ्या क्रमानेच उचला, एक सुटली तर मागे आडवा धागा लोंबतो. पुढून सुलट, मागून उलट अशी साधी वीण असली तर हे पाच मिनिटांचं काम आहे, उगाच अख्खा स्वेटर उसवत बसतात लोक.

सुईचा नंबर आणि यूट्यूब

हे तर मला दोन स्वेटर वाया गेल्यावर कळलं. आपल्याकडच्या दुकानात जुन्या इंग्लिश नंबरच्या सुया मिळतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेतल्या बाईचा व्हिडिओ बघून विणाल तर तिचं गणित उलटं, तिचा ८ नंबर ५ मिलिमीटरचा आणि १० नंबर चक्क ६ चा. ती १० म्हणाली म्हणून तुम्ही इथली १० घेतली तर सुई निम्म्या जाडीची झाली ना, मग टोपी बाहुलीचीच होणार. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. क्रोशातही हाच गोंधळ, अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडवाले डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे पॅटर्न कुठला आहे ते आधी पाहा.

आणि नमुना विणा बाप्पा. कोणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणून त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजलं की बाकी सगळं साध्या गुणाकाराने निघतं. समजा २२ टाके आले. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर, टोपी ताणून बसावी म्हणून चार-पाच सेंटिमीटर कमी धरायची, म्हणजे ५० ची टोपी, म्हणजे ११० टाके. दोन सुलट दोन उलट घालून मागून शिवणार असाल तर चारच्या पटीत वर दोन लागतात, तेही ११० मध्ये बरोबर बसतं.

टोपी डोक्यात जातच नाही, घेर बरोबर असूनही, तर चूक बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असते. टाके घट्ट घातलेले. टाके घालताना दोन सुया जोडून धरा आणि नंतर एक काढून घ्या, किंवा एक नंबर जाड सुई घ्या. खालून वर विणलेल्या मोज्याचं तोंड किंवा स्वेटरचा गळा बंद करतानाही तेच, बंद करायची सुई जाड हवी. माझ्या जावेने भाच्यासाठी इतका सुंदर स्वेटर केला, केबल म्हणजे वेणीसारखे पीळ वगैरे घालून, आणि गळा असा बंद केला की पोराचे कान अडकले.

आपली थंडी किती, लोकर किती

आता हे जरा नागपूरकरांसाठी. आपली थंडी सकाळची असते. पहाटे स्कूटीवरून शिकवणीला पोर सोडायला निघालं की कान दुखतात, आणि दुपारी त्याच दिवशी उन्हात बसून संत्री खाताना स्वेटर काढावा लागतो. हो, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ते आठवून लोक अजूनही जाडजूड लोकर घेतात, पण तसा दिवस रोज थोडी येतो. जाड लोकरीचा मफलर नागपुरात दोनदा वापरतात आणि मग तो दिवाणात जातो. इथे बारीक किंवा मध्यम लोकर, कानावर बसणारी टोपी, आणि हेल्मेटच्या आत मावेल असं काहीतरी. टोपीवर गोंडा लावून दिला तर हेल्मेट बसत नाही, हे देऊन झाल्यावर कळतं. मनाली-शिमल्याला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना काय ते जाड विणून द्या.

मफलरची गुंडाळी होते ही तक्रारही फार. पुढून सगळं सुलट, मागून सगळं उलट अशी वीण घातली की काठ वळणारच, त्यात तुमचा दोष नाही, विणीचा स्वभावच तो, आणि इस्त्रीने तो जात नाही. दोन्ही बाजूंनी सुलटच सुलट विणा किंवा पूर्ण मफलर दोन-दोनच्या बॉर्डरचा करा, सपाट पडतो.

आणि वेळेचा हिशोब. २० सेंटिमीटर रुंद आणि ६ फूट लांब मफलर, ४४ टाके आणि साधारण ५०० ओळी धरा, म्हणजे २२,००० टाके झाले. संक्रांतीला द्यायचा म्हणून नाताळच्या सुट्टीत सुरू केला तर तो होळीला मिळेल. दसऱ्यालाच सुरुवात करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात हाताला घाम येतो, धागा सुईवर सरकत नाही आणि टाके आपोआप घट्ट होतात, तेव्हा अधूनमधून हाताला थोडी पावडर लावा नाहीतर रात्री विणा. सगळी लोकर एकदमच घ्या आणि रॅपरवरचा शेड नंबर बघता तसा लॉट नंबरही बघा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर मिळते. मी एकदा अर्ध्यातून परत इतवारीच्या बाजारात गेले, शेड तीच, लॉट दुसरा, दुकानात ट्यूबलाइटखाली एकच वाटला आणि अंगणात उन्हात बघितलं तर स्वेटरचे दोन तुकडे जोडल्यासारखे दिसत होते. रॅपर फेकू नका, शेवटपर्यंत जपा.

बाळासाठी विणताना

इथे मात्र मी कडक आहे. तान्ह्या बाळाच्या हातमोज्याच्या आत धाग्याची सैल टोकं ठेवू नका, बोटाला वेढा बसला तर रक्त अडतं आणि बाळ नुसतं रडत राहतं, कोणाला कळत नाही का ते. टोकं ओवून, कापून, हातमोजा उलटा करून बोट फिरवून बघा. गळ्याशी लांब नाडी नको, मणी-बटणं नकोत, केस निघणारी लोकर नको. स्वेटर कपाटात ठेवताना डांबरगोळ्या घालायची सवय आपल्याकडे आहे, बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात नको, जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात आणि कमतरता आहे हे बरेचदा आधी माहीतच नसतं. तसंही बाजारातली बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते, त्यात कसर लागत नाही, कसर खऱ्या लोकरीला लागते.

ॲक्रिलिकवरून आठवलं, त्याच्यावर गरम इस्त्री टेकवू नका. माझी एक कानटोपी कापडी पिशवीसारखी लुळी पडली होती, सगळा फुगीरपणा गेला, आणि तो परत येत नाही. ओलं करून टॉवेलवर आकारात पसरवून वाळवा, बस.

लोकर सोडून बाकी हाताने केलेल्या वस्तू देणार असाल तर थोडक्यात. कापडावर फॅब्रिक पेंट केला तर दिवसभर सुकू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, आणि तीन दिवस तरी धुवू नका, नाहीतर पहिल्याच पाण्यात रंग जातो. ग्रीटिंगला वॉटरकलर वापरायचा तर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या, वहीच्या कागदाचे पापड होतात. काचेच्या बाटलीवर रंगवायच्या आधी ती स्पिरिटने पुसा, बोटांचा तेलकटपणा राहिला की रंगाची सालं निघतात. ग्लू गनने चिकटवलेली वस्तू गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायला कोणाला देऊ नका, आपल्या मे महिन्यात बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो. मी दिलेला आरशाकामाचा गणपती एका दुपारी उभ्याचा आडवा झाला होता.

आणि द्याल तेव्हा सोबत चिठ्ठी द्या, कसं धुवायचं त्याची. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की धागे एकमेकांत अडकून आटते आणि मग काही केल्या सैल होत नाही. नणंदेला मी मेरिनो लोकरीचा स्वेटर दिला होता, सांगायचं राहिलं, तिने तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला गरम पाण्यात लावला. फोन करून म्हणाली, "वहिनी, छान आहे हो, पण लहान झाला ना." आता तो तिच्या तीन वर्षांच्या मुलीला होतो, बाह्या जरा आखूड पडतात एवढंच.