जागलीसाठी ठासणीच्या बंदुकीत आवाजाचा बार कसा भरावा

विदर्भात हरभरा घाट्यावर आला किंवा तूर शेंगांनी वाकली, की रानडुकरांच्या कळपासाठी जागल सुरू होते, आणि एखाद्या मचाणावर आजोबांच्या परवान्यावरून वारसाने आलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक अजूनही दिसते. गडचिरोली-चंद्रपूरकडे तिला भरमार म्हणतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) आपल्याच वावरात उभा असला, तरी वनविभागाच्या परवानगीवाचून त्याला मारणे हा गुन्हा आहे. म्हणून पुढे सांगितलेला बार छर्ऱ्यांचा नसून केवळ दारूचा, म्हणजे आवाजाचा आहे. कळप धुऱ्यापलीकडे घालवायला तो बहुतेक वेळा पुरतो.

या बंदुकीची मोठी अडचण अशी, की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून पाहून कळत नाही, कारण काडतुसाच्या बंदुकीसारखी ती मधून उघडता येत नाही. येथे गज, म्हणजे बार ठासायची सळई, हाच आपला डोळा. टोपी, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणारी छोटी स्फोटक टोपी, चढवलेली नाही याची खात्री करून गज नळीत हळूच सोडावा. नळी रिकामी असेल तर तो तळाला टेकताना लोखंडाचा स्वच्छ ठणका येतो, आणि आत जुना बार असेल तर आवाज बद्द येतो. केवळ आवाजावर मात्र विसंबू नये. गज बाहेर काढून नळीला लावून मापावा, आणि रिकाम्या नळीत तो तळापर्यंत गेला असता नळीच्या तोंडाशी जेथे येतो, तेथे कानशीने एक बारीक खाच करून ठेवावी. पहिला योग्य बार भरल्यावर दुसरी खाच करावी. या दोन खाचा असल्या म्हणजे अंधारातही अंगठ्याच्या नखाने बंदुकीची स्थिती समजते.

नळी रिकामी ठरली, की आतले तेल चिंधीने पुसून घ्यावे. तेल निप्पलच्या, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या, भोकात उतरलेले असेल तर बार पेटत नाही. त्यासाठी नळीचे तोंड जमिनीवरच्या एका वाळक्या पानाजवळ धरून नुसती टोपी उडवावी. पान हलले म्हणजे वाट मोकळी आहे. न हलल्यास निप्पल काढून साफ करावे.

दारू काळीच हवी, आणि तीही परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली. तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते, आणि या बंदुकांच्या नळ्या तिच्याच दाबाच्या हिशेबाने घडवलेल्या असतात. काडतुसातून काढलेली धूरविरहित दारू किंवा फटाक्यातील दारू यांचा दाब या नळीला झेपत नाही; नळी फुटते आणि डावा हात जातो. बारा बोरच्या सुस्थितीतील नळीला आवाजापुरती सुमारे ३ ग्रॅम दारू पुरे होते. जुन्या गावठी घडणीच्या नळीसाठी हा आकडा धरू नये. ती आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी आणि तो सांगेल तेवढेच माप ठेवावे. दारू पिशवीतून किंवा शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधी मापात घ्यावी आणि मापातून नळीत सोडावी, म्हणजे आत ठिणगी राहिली असलीच तर एका मापापुरतीच दारू पेटते. बंदूक भरण्याचे काम दिवस मावळण्यापूर्वी उरकावे, आणि त्या वेळी बिडी व कंदील दोन्ही लांब ठेवावे.

भरताना दस्ता जमिनीवर टेकवून नळीचे तोंड स्वतःपासून दूर झुकवावे. दारू सोडल्यावर नळीच्या मापाच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकामागून एक गजाने खाली न्याव्यात. गज तळहाताने दाबू नये. बोटांच्या चिमटीत धरून वीतभर-वीतभर खाली सारावा. दारू आणि चकती यांच्यामध्ये पोकळी राहिल्यास बार सुटताना नळी फुगू शकते, म्हणून चकती दारूवर पक्की टेकली पाहिजे; मात्र घणासारखे ठोके घालण्याचे कारण नाही. शेवटी खाच पाहावी.

अमेरिकेत रानटी टर्कीच्या शिकारीसाठी अशीच बंदूक भरणारे लोक पुठ्ठ्यावर नमद्याची जाड गुडदी, तिच्यावर दारूच्याच मापाने छर्रे आणि सर्वांत वर पातळ चकती बसवतात. पक्ष्याच्या डोक्या-मानेवर छर्रे दाट पडावेत म्हणून ते आधी कागदावर बार टाकून पाहतात. आपल्याला छर्रेच टाकायचे नसल्यामुळे ही सारी खटपट वाचते.

आपल्याकडे डाटासाठी, म्हणजे दारूवर ठासायच्या बोळ्यासाठी, हाताशी येतो तो कापूस, आणि तोच टाळावा. एका हिवाळ्यात मी कापसाचा बोळा ठासून बार काढला. बोळा धुमसत जाऊन तुरीच्या कुटारावर पडला आणि अर्ध्या तासाने धूर दिसला. विहीर जवळ होती म्हणून गंजी वाचली. काथ्या आणि चिंधीही अशीच आग धरून ठेवतात. पुठ्ठ्याचाही भरवसा पूर्ण नाही, तेव्हा गंजी, गोठा आणि वाळलेला गहू ज्या दिशेला नाही तीच दिशा निवडावी.

टोपी अगदी शेवटी, बार काढायच्या जागी उभे राहूनच चढवावी. टोपी चढवलेली बंदूक घेऊन मचाणावर चढू नये किंवा बंडीत (बैलगाडीत) बसू नये. नळी मोकळ्या आभाळाकडे धरावी, कारण नुसता पुठ्ठासुद्धा जवळच्या माणसाचा डोळा फोडू शकतो. चाप ओढूनही बार सुटला नाही तर नळी त्याच दिशेला किमान एक मिनिट धरून ठेवावी, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते. नंतर नवी टोपी लावून पाहावी. तरीही न पेटल्यास टोपी काढून आतली दारू पाण्याने भिजवावी आणि मगच टोकाला पेच असलेल्या गजाने डाट ओढून काढावा.

दुसरा बार लगेच भरू नये. ओलसर चिंधी गजाला गुंडाळून नळीत फिरवावी, म्हणजे उरलेली ठिणगी विझते; त्यानंतर कोरडी चिंधी फिरवावी. दुनळी असेल तर एक नळी भरण्यापूर्वी दुसरीवरची टोपी काढलीच पाहिजे, आणि पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरीतला डाट पुढे सरकला आहे का, हेही गजाने पाहावे.

काळ्या दारूची काजळी दव ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. म्हणून जागलीवरून परतल्यावर, झोप कितीही अनावर झाली असली तरी, नळी रिकामी असल्याचे गजाने पाहून निप्पल काढावे, नळी कढत पाण्याने धुवावी, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसावी आणि तेलाचा हलका हात फिरवावा. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते. तीही अशीच धुऊन, रिकामी करून द्यावी, आणि परत मिळाली की आधी गज घालून पाहावा.