प्रयोगाचा तास: विज्ञान शिकवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

विज्ञान शिकवायला नवीन आलेल्यांची बहुतेक तयारी फळ्यासाठी असते. प्रयोग पुस्तकात दिलेलाच आहे, तास सुरू झाला की करू, असं वाटतं. पण प्रयोग फसतो तो पुस्तकात न लिहिलेल्या जागी, आणि भरल्या वर्गासमोर कारण शोधायला सवड नसते. म्हणून जे साहित्य मुलांच्या हाती जाणार आहे, नेमकं तेच घेऊन आदल्या दिवशी प्रयोग दोनदा करा: एकदा नीट, आणि एकदा मुलं करतील तसा, मुद्दाम चुकवत. खरी तयारी या दुसऱ्या खेपेला होते.

साधा लंबक घ्या. दोरा, वॉशर, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर भागतं. 1 मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याचा वेळ, साधारण 2 सेकंद येतो, 25 सेंटीमीटरचा साधारण 1 सेकंद. लांबी चौपट, काल दुप्पट. हे मुलांनी स्वतः शोधावं असं वाटत असेल तर आकडे नीट यायला हवेत, आणि ते तीन ठिकाणी घसरतात.

पहिली जागा मोजणीची. लंबक सोडतानाच मुलं ‘एक’ म्हणतात. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झालेली असतात; 1 मीटरच्या लंबकाला 40.1 सेकंदांऐवजी 38.1 सेकंद लागले असं दिसतं. वरच्या वर्गात यावरून गुरुत्व त्वरण काढलं तर 9.8 ऐवजी जवळपास 10.9 येतं, आणि मुलं दोष हवेच्या रोधाला देऊन मोकळी होतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायची सवय लावा. एकाच दोलनाचा वेळ मात्र घेऊ नका. बटण दाबण्यात एकदोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच. वीस दोलनांचा वेळ घेऊन भागाकार केला की ती चूक विसावा हिस्सा उरते.

दुसरी जागा लांबीची. दोऱ्याची लांबी म्हणजे लंबकाची लांबी नव्हे. टांगलेल्या बिंदूपासून वॉशरच्या मध्यापर्यंत मोजायचं. दोरा बोटाला किंवा खिळ्याला नुसता अडकवला तर झुलताना तो सरकतो आणि लांबी बदलत राहते. दोन पट्ट्यांमध्ये दोरा घट्ट चिमटला की हा त्रास जातो.

तिसरी जागा सगळ्यात फसवी आहे. वस्तुमानाचा परिणाम पाहायला मुलं एका वॉशरखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी माळ लावतात. 2 सेंटीमीटर व्यासाचे पाच वॉशर असे लटकवले की वजनाचा मध्य 4 सेंटीमीटर खाली जातो. 50 सेंटीमीटरच्या लंबकाला वीस दोलनांसाठी 28.4 सेकंद लागत होते, तिथे आता 29.5 लागतात. ‘वजन वाढलं की लंबक हळू होतो’ हा निष्कर्ष मग मुलं पुराव्यानिशी मांडतात! त्यांना चूक ठरवू नका, कारण आकडे खरे आहेत. ‘वजनाशिवाय आणखी काय बदललं?’ एवढंच विचारा आणि थांबा. सगळे वॉशर एकाच हुकात शेजारी शेजारी अडकवून पुन्हा मोजलं की फरक जवळपास नाहीसा होतो. चल राशी एका वेळी एकच बदलायची, हे व्याख्येपेक्षा इथे पक्कं कळतं.

कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्या, तोही पेनने. नुसता तोंडी अंदाज निकाल दिसताच बदलतो. गट चौघांचा पुरे: एक सोडणारा, एक मोजणारा, एक घड्याळवाला, एक लिहिणारा, दर लांबीला कामं बदला. पाचवं मूल हमखास खिडकीकडे पाहतं.

विद्युत परिपथात अडचणी वेगळ्या. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असेल तर टोकं खरवडल्याशिवाय काही पेटत नाही. लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला सुमारे 3, म्हणून 1.5 व्होल्टचा एक घट पुरत नाही. 9 व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडला तर तो जळतो, मध्ये 470 ओहमचा रोध घाला. लांब पाय धन बाजूला. बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग एक, लावले की एक थोडा मंद दिसतो आणि ‘पहिल्या बल्बने धारा खाल्ली’ हे लगेच ऐकू येतं. बल्बांची अदलाबदल करायला सांगा. मंद बल्ब नव्या जागीही मंदच राहतो, म्हणजे फरक बल्बांतला आहे, जागेचा नाही.

पाण्यात उभ्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालण्याचा प्रयोग ‘हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन’ हे सिद्ध करायला वापरू नका, कितीही वर्षं चालत आला असला तरी. ज्योत असताना ग्लासातली हवा तापून प्रसरण पावते, काही कडेने बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझून हवा थंड झाली की पाणी वर चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. हा प्रयोग ठेवायचाच असेल तर पाणी नेमकं कधी चढतं, ज्योत विझण्याआधी की नंतर, एवढंच निरीक्षण मुलांना लिहायला द्या.