लायसन, एनओसी अन् आमदार: अडकलेली फाईल आमदारांकडं कशी न्यायची

आमच्याकडं काहीही अडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आमदारांच्या कानावर घालूया". रस्ता असो, डीपी जळलेला असो, बदली असो, अन् आता धंद्याची परवानगी. मी पण तेच केलं होतं. तासगाव भागात माझं बेदाणा क्लिनिंग-पॅकिंगचं छोटं युनिट आहे, सीझनला सात बायका कामाला असतात. दोन वर्षांपूर्वी एका ऑफिसात माझी फाईल अडकली. आधी म्हणाले ग्रामपंचायतीचा दाखला आणा, आणला तर म्हणे हा सहा महिने जुना झालाय नवा आणा, नवा आणला तर साहेब रजेवर. मग गेलो आमदारांच्या ऑफिसात, अर्धा तास तणतणलो, पीएनं चहा पाजला अन् "नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी" असं पत्र हातात दिलं. ते पत्र त्या ऑफिसच्या आवक रजिस्टरला चढलं अन् तिथंच झोपलं. आमदारांचा दोष नव्हता, मला नक्की काय पाहिजे तेच मी सांगितलं नव्हतं.

तर आता जे कळलंय ते सांगतो.

सगळ्यात आधी हे शोधा की तुमचा अडथळा कुठल्या कागदावर लिहिलाय. विधिमंडळानं केलेल्या कायद्यात आहे, का कायद्याखाली खात्यानं केलेल्या नियमात, का जीआरमध्ये (म्हणजे शासन निर्णयात), का एखाद्या परिपत्रकात, का कशातच नाही आणि नुसतं "आमच्याकडं असंच असतंय" या पद्धतीवर चाललंय. हे वेगळं करणं गरजेचं आहे कारण आमदार प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करू शकतात. कायदा बदलायचा तर विधेयक लागतं, जीआर मंत्रालयातनं बदलतो, आणि कागदच नसेल तर आमदारांची गरजसुद्धा पडत नाही बऱ्याचदा.

कळणार कसं? आधी टेबलावरच गोडीत विचारा, "भाऊसाहेब, हा दाखला कुठल्या जीआरनुसार लागतोय, नंबर मिळेल का?" नाही सांगितलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर अन् 150 शब्दांत बसवायचा असतो, त्यामुळं तिथं रामायण लिहू नका. मी दोन ओळीत विचारलं होतं, दाखला सहा महिन्यांच्या आतला पाहिजे हे कुठं लिहिलंय त्याची प्रत द्या. उत्तर आलं की अशी माहिती कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. म्हणजे कागदच नव्हता! पाच महिने मी हवेशी भांडत होतो.

दुसरं, जी अट शिथिल झालीय तीच शिथिल करा म्हणून आमदारांकडं जाऊ नका, हसं होतं. शॉप अ‍ॅक्टचंच बघा. 2017 च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीच ठेवली नाही, फक्त ऑनलाईन सूचना द्यायची, तरी लोक अजून "लायसन काढून दे" म्हणून एजंटला पैसे मोजतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्याची केंद्र सरकारकडची नोंदणी, तर 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, आधार-पॅन लागतंय अन् एक रुपया फी नाही. प्रदूषण किती होतं त्यावरनं प्रदूषण मंडळाचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे गट आहेत, पांढऱ्या गटातल्या धंद्याला संमतीपत्र लागत नाही, कळवलं की झालं. आपण कुठल्या गटात ते आधी बघा, यादी मंडळाच्या वेबसाईटवर आहे.

नुसता उशीर होत असेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. सेवा अधिसूचित असेल, म्हणजे सरकारनं त्या कायद्याखाली जाहीर केलेली असेल, तर तिची मुदत ठरलेली असते. मुदत गेली की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कारण नसताना अडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते पण अपीलचा कागद गेला की फाईल हलते, अनुभव आहे. आणि महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ अशी दोन-तीन खाती एकमेकांकडं बोट दाखवत असतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तिथं विषय घाला, सगळे एकाच खोलीत सापडतात. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात द्यायचा.

एवढं करून उरलं तर आमदार. इथं थोडं सविस्तर सांगतो.

निवेदन एक पान. वर विषय एका ओळीत, खाली अडथळा कुठल्या कागदात आहे त्याचा नंबर-तारीख, त्यामुळं काय अडलंय, आणि शेवटी नेमकी मागणी. "उद्योगांना प्रोत्साहन द्यावे" ही मागणी नाही, त्यावर कुणी काहीच करू शकत नाही. माझं दुसरं निवेदन असं होतं: "सदर दाखल्याच्या मुदतीबाबत कोणताही शासन आदेश नसल्याचे माहिती अधिकारात कळविले आहे (प्रत सोबत). तरी मुदतीच्या कारणावरून अर्ज परत करू नयेत असे लेखी परिपत्रक काढण्याबाबत मा. मंत्री महोदयांना पत्र द्यावे." पीएनं वाचलं, मान वर करून बघितलं, म्हणाला हे असं आणत जावा की.

रोजगाराचा आकडा टाकाच, पण खरा. आमच्यातले एक पाहुणे पत्रात "शंभर जणांना रोजगार" लिहून आले अन् शेडमध्ये मोजून चार माणसं. मी लिहिलं, सात बायका, चार महिने काम, परवानगी मिळाली तर दुसरं मशीन बसवणार, आणखी चार जणी लागतील. सभागृहात बोलताना आमदाराला असलंच काहीतरी हाताशी लागतं.

मग त्यांच्याकडं हत्यारं कुठली ते माहीत असू द्या, म्हणजे नेमकं मागता येतं. मंत्र्यांना पत्र हे सगळ्यात सोपं. त्यापुढं तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना), अन् कायद्यातच खोट असेल तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं. अशासकीय विधेयक क्वचितच पास होतं पण सरकारला त्यावर बोलावं लागतं. मंत्र्यांनी सभागृहात "बघतो, करतो" म्हणून आश्वासन दिलं तर ते सोडून देऊ नका, त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळं अधिवेशन सुरू झाल्यावर धावत गेलात तर उपयोग नाही. आणि आपल्या मतदारसंघाचे आमदार ऐकत नसतील तर पुणे विभाग पदवीधर अन् शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषद सदस्य सांगली-साताऱ्याचे पण असतात, हे लोक विसरतातच.

विधान परिषद म्हटलं की वि. स. पागे आठवतात. 1960 ते 1978 परिषदेचे सभापती, आपल्याच तासगाव तालुक्यातले. मागेल त्याला काम, म्हणजे रोजगार हमी, ही कल्पना त्यांनी आधी 1965 ला विसापुरात करून बघितली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 ला कायदा झाला. गंमत म्हणजे त्या योजनेला पैसा हवा म्हणून 1975 ला व्यवसाय कर आला, अन् आज मी वर्षाला 2,500 भरतो त्याचा उगम हा असा. माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण विसापूरची गोष्ट आमदारांना जरूर सांगा. पूर्ण राज्याचा नियम बदला म्हटलं की सगळे दचकतात, एका तालुक्यात वर्षभर करून बघा म्हटलं तर ऐकतात तरी.

दोन गोष्टी मागू नका. एक, आमदार निधीतनं स्वतःच्या शेडला पैसे. तो निधी सार्वजनिक कामाचा आहे, युनिटकडं जाणारा रस्ता मागा. दुसरं, सुरक्षेच्या अटीतनं सूट. हळद दळणाऱ्या युनिटमध्ये जाऊन उभं राहिलं की पाच मिनिटांत घसा धरतो, तिथं धूळ ओढणारी यंत्रणा बसवा म्हणणारा नियम हा "त्रास" नाही. बायकांना संडास पाहिजे हा पण नाही. असल्या मागण्या मिसळल्या की खऱ्या मागणीचं वजन जातं.

प्रत्येक कागदाची पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् आवक नंबर. मग तीन आठवड्यांनी त्या नंबरवर विचारायला जावा, साहेबांना भेटायचा हट्ट नको, पीएकडं काम होतं.

माझी फाईल सुटली. पण माझ्यामागच्या माणसाकडं तोच सहा महिन्यांचा दाखला परत मागितला, कारण परिपत्रक अजून निघालेलं नाही, म्हणजे काम अर्धंच झालंय. आता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्नाचा मसुदा दिवाळीच्या आधी पीएकडं द्यायचाय. सांगली, मिरज, तासगाव, कराड, कुठंही असा तोंडी मागितलेला कागद तुमच्याकडं असेल तर मागितल्याची तारीख आणि परत आलेल्या अर्जाची झेरॉक्स काढून ठेवा, एकाच्या तक्रारीपेक्षा वीस अर्जांची झेरॉक्स जोडली की सभागृहात प्रश्न घेतला जायची शक्यता वाढते असं पीएच म्हणाला.