जुनी पोलो घ्यायची तर आधी आरसी वाचा

फोक्सवॅगन पोलोच्या १९७५ पासून सहा पिढ्या झाल्या. आपल्याकडे विकली गेली ती फक्त पाचवी, चाकणला बनलेली, २०१० ते २०२२. २०१७ ची सहावी इथे आलीच नाही. त्यामुळे नाशिकमध्ये जुनी पोलो शोधताना पिढी नव्हे, इंजिन बघायचं.

आरसीवरचा सीसी वाचा. ११९८ म्हणजे तीन सिलिंडरचं साधं १.२ पेट्रोल, ११९७ म्हणजे टर्बो पेट्रोल, टीएसआय. मागे 'जीटी'चा, म्हणजे दमदार इंजिनवाल्या व्हेरिएंटचा, स्टिकर आणि आरसीवर ११९८ असेल तर तो नुसता स्टिकरच. ११९९ हे जुनं तीन सिलिंडरचं डिझेल, २००० आरपीएमखाली मरगळलेलं. कसारा घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरला चिकटून बसावं लागतं. २०१४ च्या फेसलिफ्टपासून आलेलं १४९८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल घ्या, रोज हायवे असेल तर हेच. मात्र टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या.

उत्पादनाचा महिनाही बघा. फेब्रुवारी २०१४ पासून दोन एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना आल्या, त्याआधीच्या बेस मॉडेलला नाहीत.

खरा धोका जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये. तिचा क्लच कोरडा, थंड करायला तेल नाही. रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो घसरत राहतो आणि तापतो. म्हणून मुंबई पासिंगची डीएसजी जास्तच तपासून घ्या. इंजिन थंड असताना डी टाका, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावू नका. गाडी न थरथरता सरकायला हवी. मग संध्याकाळी द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास चालवा. पहिल्या-दुसऱ्यात थरथर आली तर क्लच गेलाय. डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षर लुकलुकलं किंवा रिव्हर्स पडेना, तर मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, गेलंय. ती गाडी सोडून द्या. ऑटोमॅटिक हवीच असेल तर २०२० नंतरची ९९९ सीसी टीएसआय बघा, तिला कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा स्कॅनर ट्रायलच्या आधी आणि नंतर, दोनदा लावा. विकणाऱ्याने पुसलेले फॉल्ट बहुधा दुसऱ्या वेळी परत उगवतात. टोकन त्यानंतर.